सही खरी, पण निकाल मिळेना : माझा अनुभव

बेसबॉल खेळाडूचे छायाचित्र छापलेले आणि त्याची सही असलेले संग्राह्य कार्ड विकत घेणाऱ्याला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो, असे कोणी विचारले तर मी बनावट सह्यांचे नाव घेणार नाही. विक्रेत्याने दिलेली परतीची मुदत आणि सही खरी की खोटी हे तपासून देणाऱ्या पडताळणी कंपनीला लागणारा वेळ यांचा कधीच मेळ बसत नाही, हा खरा त्रास आहे. परतीसाठी साधारण तीस दिवस मिळतात आणि पडताळणीला कित्येक महिने लागू शकतात. न्यू जर्सीत राहून हा छंद जोपासताना मी या कात्रीत सापडलो होतो, आणि त्यातून सुटलो याचे समाधान असले तरी त्या पडताळणी कंपनीवरचा राग अजून गेलेला नाही.

कार्ड होते बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनियर यांचे, अप्पर डेक कंपनीच्या 1989 च्या पहिल्या संचातले, पहिल्या क्रमांकाचे. मूळ छायाचित्रात ग्रिफी सॅन बर्नार्डिनोच्या दुय्यम संघाच्या पोशाखात होते; कंपनीने टोपीचे रंग बदलून त्यांना सिॲटल मरिनर्स या मुख्य लीगमधल्या संघाचे केले, हे जाणकारांना ठाऊक असते. हे कार्ड अमाप छापले गेले, त्यामुळे कोरे कार्ड सहज मिळते, आणि कोऱ्या कार्डावर खोटी सही करून ते विकणाऱ्याचे नेमके तेथेच फावते. या कार्डाच्या मागे एक चकाकणारा होलोग्राम असतो. त्याकडे बोट दाखवून सही अस्सल असल्याचे सांगणारे विक्रेते मला भेटले आहेत. तो होलोग्राम कार्ड कंपनीचे आहे एवढेच सांगतो; पुढे त्यावर कोणी पेन चालवले, याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

खरेदीपूर्वी मी विक्रेत्याकडून सहीची मोठी, तिरप्या उजेडात काढलेली छायाचित्रे मागवली आणि कार्ड हाती आल्यावर दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली ते तपासले. सराईतपणे केलेल्या सहीत पेन टेकण्याआधीच हात चालू लागलेला असतो, म्हणून रेघेची सुरुवात आणि शेवट निमुळते होतात. नक्कल करणारा जपून, हळू लिहितो. त्याच्या रेघेची जाडी सगळीकडे सारखी राहते आणि पेन जेथे थबकते तेथे शाईचा बारीक ठिपका साचतो. माझ्या कार्डावरच्या निळ्या मार्करची आडवी रेघ शेवटी केसासारखी बारीक होत गेली होती. भिंगाखाली सहीच छपाईच्या बारीक ठिपक्यांची बनलेली दिसली, तर ती हाताने केलेली नसून छापलेली आहे हे ओळखावे. जुन्या कार्डांवर अशा छापील सह्या सर्रास असतात.

कार्डासोबत एक प्रमाणपत्र आले होते, परंतु ते देणाऱ्या कंपनीचे नाव मी कधी ऐकले नव्हते, म्हणून मी त्याला काडीचीही किंमत दिली नाही. असे कागद घरच्या छपाईयंत्रावरही निघतात. 1990 च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयने बनावट सह्यांच्या टोळ्यांविरुद्ध ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोठी मोहीम राबवली, तेव्हा मदर तेरेसा यांची सही असलेला बेसबॉलचा चेंडूसुद्धा सापडला होता, आणि त्या टोळ्यांच्या मालासोबत प्रमाणपत्रेही असत. म्हणून कार्ड नामांकित पडताळणी कंपनीकडे पाठवायचे मी ठरवले. घेण्याआधीच विक्रेत्याकडून मी लेखी कबुली घेतली होती, की निकाल येईपर्यंत परतीचा हक्क माझ्याकडे राहील. ही एक ओळ मागायला कोणीही संकोच करू नये. जो विक्रेता ती द्यायला नकार देतो, त्याच्याकडून घेऊ नये.

अर्ज भरणे आणि विमा उतरवून पाकीट रवाना करणे सुरळीत पार पडले. पाकीट पोहोचल्याची नोंदही झाली. मग सारे थंडावले. संकेतस्थळावर ‘तपासणी सुरू’ हे दोनच शब्द आठवड्यामागून आठवडे तसेच राहिले. फोन केला की कर्मचारी नम्रपणे सांगे, की क्रमाने काम चालते. कोणत्या क्रमाने आणि माझा क्रमांक कितवा, हे विचारल्यावर तोच नम्र वाक्यप्रयोग पुन्हा ऐकू येई. ईमेलला येणारे उत्तर शब्दशः मागच्यासारखेच असे. विक्रेता सज्जन होता, पण त्याचाही धीर सुटू लागला. ‘साहेब, मी हे पैसे किती दिवस बाजूला ठेवायचे?’ असे त्याने विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि त्याचे म्हणणे रास्तही होते.

नंतर एके दिवशी पत्र आले. कार्डाची बाजारातली किंमत मी अर्जात लिहिलेल्या किमतीच्या वर्गापेक्षा अधिक ठरत असल्याने वाढीव शुल्क भरावे, तोवर कार्ड पुढे सरकणार नाही, असे त्यात होते. मी लगेच फोन केला. बनावट सहीच्या कार्डाची किंमत वाढत नसते, तेव्हा किंमत वाढली याचा अर्थ सही अस्सल ठरली असाच होतो ना, असे मी स्पष्ट विचारले. ‘निकाल प्रक्रिया पूर्ण झाल्यावरच कळवला जातो,’ एवढेच उत्तर मिळाले. निकाल त्यांच्या टेबलावर पडलेला होता आणि तो मला देण्याआधी पैसे मागितले जात होते, हे मला आजही अन्यायकारक वाटते. अर्जात अशा वाढीव शुल्काची अट बारीक अक्षरांत असते, हे खरे. पण निकाल दडवून ठेवण्याचे समर्थन त्या अटीने होत नाही. विक्रेत्याला दाखवण्यासाठी लेखी निकाल हवाच होता, म्हणून मी शुल्क भरले. त्यानंतर काही दिवसांतच कार्ड बंद प्लास्टिकच्या डबीत, ‘अस्सल’ शिक्क्यासह घरी आले. त्या रात्री विक्रेत्याला फोन करून हे सांगताना मला फार बरे वाटले.

डबीवरचा क्रमांक मी त्याच दिवशी कंपनीच्या नोंदीत तपासला आणि तिथल्या छायाचित्राशी सही ताडून पाहिली. सीलबंद डब्याही फोडून त्यांत दुसरे कार्ड घातले जाते. तसे केल्यास कडांना पांढरट ओरखडे उरतात. पुण्यातल्या माझ्या मित्राने सचिन तेंडुलकर यांच्या सहीच्या कार्डाविषयी विचारले, तेव्हाही मी त्याला हाच सल्ला दिला.

आणखी एक आठवले. ज्यांना इतका खटाटोप नको, त्यांनी कार्ड छापणाऱ्या कंपनीने स्वतः खेळाडूकडून सही घेऊन विक्रीच्या पाकिटात घातलेली कार्डे घ्यावीत. अप्पर डेकने 1990 मध्ये बेसबॉलपटू रेजी जॅक्सन यांनी सही केलेली, क्रमांक घातलेली 2500 कार्डे पाकिटांत टाकली, तेव्हापासून ही पद्धत रुळली. तिथे कार्डाच्या मागे कंपनीची लेखी हमी छापलेली असते. मात्र त्याच कार्डाची बिनसहीची आवृत्ती निघाली असेल, तर बनावट सही करणारा ती वापरतो. म्हणून मागचा मजकूर आणि क्रमांक दोन्ही शब्दन् शब्द वाचून मगच पैसे द्यावेत.