इंद्रवज्राची कडा अखेर टिकली

काल रात्री टी-शर्टवर दाबलेली छपाईची फिल्म सोलली आणि इंद्रवज्राचं बाहेरचं तांबडं वलय काळ्या कापडात अलगद विरत गेलेलं दिसलं. दुधी कडा नाही, स्टिकरसारखी धार नाही. या कडेबद्दल आधीही इथे लिहिलं होतं; तीन आठवडे तिथेच अडलो होतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

डिझाइन तेच आहे: इंद्रवज्र, म्हणजे कोकणकड्यावरून धुक्यात दिसणारं गोल इंद्रधनुष्य, मध्ये माणसाची सावली, खाली 'हरिश्चंद्रगड'. काळा टी-शर्ट, २८ सेंमी रुंदी, डीटीएफ (आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने कापडावर उतरवायची छपाई). अडचणही तीच. धुक्यात विरणारा रंग म्हणजे फाइलमध्ये अर्धपारदर्शक पिक्सेल, आणि त्या फिकट रंगामागेही मशीन पांढरी शाई घालतं. मग काळ्यावर धुकं दिसत नाही, दूध सांडल्यासारखं दिसतं. मागच्या वेळी काहींनी सुचवलं तसं वलयामागे काळा भरून पाहिला. छपाई देखणी आली, पण छातीवर पुठ्ठा बांधल्यासारखं वाटत होतं, शिवाय शाईचा काळा आणि कापडाचा काळा उन्हात वेगवेगळे दिसतात. तो मार्ग माझ्यापुरता बंद.

राहिला हाफटोन, म्हणजे फिकट छटा लहान-मोठ्या ठिपक्यांनी दाखवणं. गिंप या चित्र-सॉफ्टवेअरमधला न्यूजप्रिंट फिल्टर, गोल ठिपका. आधी ४५ एलपीआय (एका इंचात ठिपक्यांच्या ४५ ओळी) ठेवला, पडद्यावर फार सुरेख दिसला. पहिल्याच धुण्यात बाहेरचे ठिपके गेले. ३० एलपीआयला तेच, आणि वर पुन्हा दुधी छटा! ठिपके पूर्ण अपारदर्शक असताना दूध आलं कुठून, हे दोन दिवस कळेना. शेवटी थरांच्या खाली भडक हिरवा थर टाकून ८०० टक्के झूम केलं तेव्हा सापडलं. हाफटोन झाल्यावर मी डिझाइन २६ वरून २८ सेंमी केलं होतं. आकार बदलताना प्रत्येक ठिपक्याची कड पुन्हा मऊ झाली होती. आता क्रम पक्का: आधी अंतिम मापाला ३०० डीपीआय, म्हणजे ३३०७ पिक्सेल, मग हाफटोन, मग थ्रेशोल्ड अल्फा (अर्धपारदर्शक पिक्सेल एकतर पूर्ण भरीव, नाहीतर पूर्ण पारदर्शक करणं). त्यानंतर फाइलला हात लावायचा नाही. हिस्टोग्राममध्ये अल्फा चॅनेल निवडून ० आणि २५५ या दोनच टोकांना रेघा आहेत ना, एवढं बघायचं.

दूध गेलं, पण ठिपके गळणं थांबेना. हीट प्रेसवर संशय घेतला, शाई कापडाला चिकटवणाऱ्या पावडरवर घेतला. खरं कारण चोक निघालं. ज्या दुकानातून मीटरवर प्रिंट घेतो तिथे पांढरा थर सगळीकडून २ पिक्सेल आत घेतात (हाच चोक), म्हणजे साधारण ०.१७ मिमी. मोठ्या अक्षरांना हे उत्तमच, पांढरी कड बाहेर डोकावत नाही. पण ३० एलपीआयला १० टक्के छटेचा ठिपका जेमतेम ०.३ मिमी व्यासाचा असतो. दोन्ही बाजूंनी ०.१७ कापलं की त्याच्यामागे पांढरा उरतच नाही. आणि पावडर धरते ती मुख्यतः त्या ओल्या पांढऱ्या शाईलाच. पांढरा नाही म्हणजे पावडर नाही, पावडर नाही म्हणजे पकड नाही. ठिपका पहिल्या दिवसापासूनच निराधार होता!

उपाय असा केला: २५ एलपीआय (न्यूजप्रिंटमध्ये १२ पिक्सेलचा पीरियड), १५ टक्क्यांच्या खालचे ठिपके सरळ काढून टाकले, आणि दुकानात बसून चोक १ पिक्सेल करून घेतला. आता सगळ्यात लहान ठिपका ०.४४ मिमीचा, त्यामागे ०.२७ मिमी पांढरा. प्रेसवर १५५ अंश, १२ सेकंद, पूर्ण थंड करून सोललं, मग बटर पेपर ठेवून पुन्हा ५ सेकंद. एकही ठिपका फिल्मवर राहिला नाही. जवळून जाळी दिसते, हे खरं. चार हातांवरून धुकंच दिसतं.

यातलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे मधली सावली. काळा पूर्ण काढून टाकल्यामुळे तिथे शाईच नाही, नुसतं कापड. कड्यावर उभं राहिल्यावर त्या वलयात आपलीच सावली पडते, तशी टी-शर्टची स्वतःची सावली त्यात पडली आहे. हे ठरवून केलेलं नव्हतं, पण आता बदलणार नाही.

अक्षरांबद्दल थोडक्यात. फाइल देण्याआधी अक्षरं कर्व्ह (फॉन्टऐवजी आकार) कराच, नाहीतर दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर 'श्च' आणि 'द्र' फुटतात. अनुस्वाराचं टिंब मी फॉन्टपेक्षा थोडं मोठं काढलं. लहान फाइल एआयने मोठी करून द्यायचा आग्रह काही दुकानदार करतात, तो देवनागरीसाठी मानू नका. जोडाक्षरांची पार वाट लागते. आणि व्हॉट्सअॅपवर पीएनजी डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

पुढे हीच फाइल ऑलिव्ह टी-शर्टवर घ्यायची असं ठरलं होतं. पण ठिपक्यांचं हे लिहितानाच सुचलं, की ठिपका एकटा असतो म्हणून गळतो. त्याऐवजी न्यूजप्रिंटमध्ये रेषांचा पॅटर्न घेतला तर? रेष निमुळती होत गेली तरी मागच्या जाड भागाला धरून राहील. तिरक्या रेषा घेतल्या तर ते पावसासारखंही दिसेल, आणि इंद्रवज्र तर बहुतेक पावसाळ्यातच दिसतं. ऑलिव्ह थांबवतोय. आधी काळ्याच कापडावर १० सेंमीची पट्टी छापतो, अर्धी ठिपक्यांची, अर्धी रेषांची, आणि उलटी करून दहा वेळा धुतो.