तीन म्हणजे तीन: पुष्पप्रदर्शनात घरचं काही ठेवताना

माटोळीच्या, म्हणजे गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-वेलींनी सजवून बांधतात त्या चौकटीच्या, स्पर्धेची सवय असलेल्याला पुष्पप्रदर्शनाचे नियम सुरुवातीला जाचक वाटतात. माटोळीला रानातली फळं, वेली, कंद जितके जास्त बांधाल तितकी शाबासकी. इथे फुलांबरोबर भाज्या, लोणची, गोड पदार्थ, हस्तकलाही मांडतात, आणि नियमपत्रकात 'वांगी, एका जातीची, ३ नग' असं छापलेलं असलं, की चौथं वांगं ठेवणारा बाद. चौथं घरून आणायचं जरूर, वाटेत एखाद्याला ओरखडा गेला तर उपयोगी पडतं. पण ते टेबलाखालच्या पिशवीत राहू दे.

नियमपत्रक हातात आलं की आधी वर्गाचं नाव नीट वाचा. 'लोणचं, गोड' या वर्गात तिखट लोणचं गेलं तर चव कितीही उत्तम असो, परीक्षक चमचा घालणार नाही. 'घरगुती' वर्गात विक्रीच्या कंपनीचं नाव कोरलेली बाटली किंवा छापील झाकण चालत नाही. आणि चिठ्ठीवर पदार्थाचं नाव, मुख्य घटक, केल्याची तारीख एवढंच. स्वतःचं नाव घातलं तर तीही नोंद बाद होऊ शकते, कारण परीक्षणाला फक्त क्रमांक जातो.

पुढचं बहुतेक सगळं डिसेंबर-जानेवारीतलं प्रदर्शन धरून लिहिलं आहे.

भाजीत लोक हमखास सगळ्यात मोठी वस्तू निवडतात आणि तिथेच हरतात. परीक्षक तिन्ही नग शेजारी ठेवून लांबी, जाडी, रंग जुळतो का ते बघतो. गोव्यातल्या आगशी गावची वांगी नेणार असाल तर एक दांडगं आणि दोन मध्यम यापेक्षा तीन सारखी मध्यम कधीही बरी. वांगं ओढून तोडू नका. कात्रीने दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवून कापा, देठालाच धरा आणि फडक्याने चोळू नका. चोळलं की वरची नैसर्गिक झळाळी जाते आणि बोटांचे ठसे उजेडात स्पष्ट दिसतात. सात शिरांच्या भेंडीच्या शिरा परीक्षक मोजून बघतोच, पण टोकही वाकवून बघतो. कट्‌कन मोडलं नाही तर ती जून. तांबडी भाजी (लाल माठ) मुळासकट उपटा, माती धुवा, मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून न्या आणि फडकं टेबलावरच सोडा. सोललेल्या नारळाच्या डोळ्यांवरची शेंडी राखायची. शेंडी काढून गुळगुळीत केलेला नारळ दिसायला छान, पण डोळे उघडे पडले की तो लवकर बिघडतो, म्हणून गुण जातात. केळ्यांची फणी आदल्या संध्याकाळी कापून कापलेला भाग खाली करून ठेवा, म्हणजे चीक सालीवर ओघळून काळे डाग पडत नाहीत.

फुलांमध्ये जास्वंदाबद्दल फार गैरसमज आहेत. जास्वंदाचं फूल पाण्यात ठेवलं काय नि न ठेवलं काय, साधारण एकच दिवस टिकतं. त्यामुळे त्याला उंच फुलदाणीची गरज नाही, सपाट ताटलीत पानावर ठेवलं तरी चालतं. पहाटे पूर्ण उमलायच्या आत तोडा. परीक्षण उशिरा असेल तर डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, उमलणं थोडं लांबतं. गुलाबाचं उलटं. तो आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे तिरका कापून, देठ मानेपर्यंत पाण्यात बुडेल असा काही तास अंधाऱ्या थंड जागेत ठेवायचा. मांडताना फुलदाणीच्या पाण्यात जाणारी पानं काढून टाकायची, ती कुजली की पाणी घाण होतं. टेबलावर फूल अर्ध्याहून थोडं जास्त उमललेलं हवं. पूर्ण उघडलेलं फूल दुपारपर्यंत पाकळ्या टाकतं आणि मग रिकामा देठ उरतो.

अबोलीची फाती (विणलेली माळ) असेल तर केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, दोरा आधी भिजवून मऊ करून घ्या. कोरडा दोरा फुलाची नळी कापतो. फुलं नळीसकट खुडा, सगळ्यांची तोंडं एका बाजूला ठेवा, गाठींमधलं अंतर सारखं राखा. अबोलीला वास नाही, त्यामुळे गुण मिळवायचे ते विणीच्या नेटकेपणावर. ताजं राखायचं म्हणून पाणी शिंपडू नका. थेंब बसलेल्या पाकळ्या चिकटतात आणि पारदर्शक दिसतात. ओल्या केळीच्या पानात गुंडाळलेली फाती जास्त चांगली राहते.

आता बाटल्या. थंडीतल्या प्रदर्शनाला मिस्कुट, म्हणजे कच्च्या आंब्याचं लोणचं, नेण्याचा मोह टाळा. मे महिन्यात घातलेलं लोणचं तोवर काळपटलेलं असतं आणि फोडी मऊ पडलेल्या असतात. घरी जेवायला ते झकास, टेबलावर नाही. त्यापेक्षा लिंबाचं किंवा आवळ्याचं लोणचं परीक्षणाच्या चार ते सहा आठवडे आधी घाला. मिठाचं प्रमाण कमी करण्याचा हल्ली सगळ्यांचा कल असतो, पण मोहरी-तेलाच्या लोणच्यात फोडींच्या वजनाच्या १५ ते २० टक्के मीठ, म्हणजे किलोला १५० ते २०० ग्रॅम, याखाली गेलात तर बाटली फसफसू लागते. झाकण उघडताना 'फुस्स' आवाज आला की परीक्षक पुढे सरकतो. बाटली उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवा, तेल धूर येईपर्यंत तापवून पूर्ण थंड करा, फोडींवर एक सेंटिमीटर तेल उभं राहील एवढं घाला. भरताना कोरडी सुरी बाटलीच्या कडेने फिरवली की अडकलेले हवेचे बुडबुडे वर येतात. तेलाच्या वर डोकावणाऱ्या फोडीवरच पहिली पांढरी बुरशी धरते. बिंबलांचं (ही लहान, आंबट, रसाळ फळं) लोणचं घालणाऱ्यांनी फोडी मीठ लावून दोन दिवस उन्हात सुकवल्याशिवाय पुढे जाऊ नये. बिंबलं एवढं पाणी सोडतात की मसाला सूप होऊन बसतो. झाकण लोखंडी पत्र्याचं नको, मीठ-आंबटाने गंजतं. मेथी करपवू नका, तिचा कडवटपणा लोणचं मुरलं तरी जात नाही. मोहरीचा मात्र मुरताना बराच निवतो.

माझ्या मते थंडीत सगळ्यात शहाणी निवड म्हणजे पेराद, पेरूच्या गराची घट्ट वडी. पेरू तेव्हा मिळतात, आणि नीट जमली तर ती टेबलावर उठून दिसते. पिकलेले पेरू घ्या, त्यात थोडे अर्धकच्चे मिसळा, घट्टपणा त्यांच्यामुळे येतो. कापून थोड्या पाण्यात शिजवा, चाळणीतून गाळून बिया काढा आणि वजन गाळल्यानंतरच करा. एक किलो गराला ८०० ग्रॅम साखर, दोन लिंबांचा रस. जाड बुडाच्या टोपात मंद आचेवर, लाकडी चमच्याने सतत हलवत पाऊण ते एक तास. शेवटी मोठा चमचाभर लोणी. मिश्रण कडा सोडू लागलं की बशीवर थेंब टाका. गार झाल्यावर त्याची गोळी वळली पाहिजे आणि बोटाला चिकटता कामा नये. (हात फडक्याने झाकून घ्या, उडालेला शिंतोडा चांगलाच भाजतो.)

लोणी लावलेल्या ताटात दीड सेंटिमीटर जाड थापा, वर लोणी लावलेल्या केळीच्या पानाने सपाट करा, दुसऱ्या दिवशी कापा. कापताना पट्टी धरा. शंकरपाळ्याच्या आकारात कडेचे तुकडे हमखास वाकडे येतात, ते घरी ठेवा. कमी शिजवली तर ती सकाळच्या दमट हवेत पाणी सोडते आणि तुकडे एकमेकांना चिकटतात. जास्त शिजवली तर काळी, चिवट होते. दाताखाली साखर कुरकुरली तर टोपाच्या कडेला सुकलेली साखर खरवडून आत ढकलली गेली आहे किंवा लिंबू कमी पडलं आहे. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढताच दव धरतं. बटर पेपरात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा आणि टेबलावरच उघडा. लाल रंग घालण्याची पद्धत दिसते. परीक्षक त्यामुळे फसत नाही, जिभेवरचा रंग त्याला लगेच कळतो.

हस्तकलेत परीक्षक वस्तू उलटी करून बघतो, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं. क्रोशाच्या रुमालाची सुटी टोकं चार-पाच सेंटिमीटर आत ओवलेली हवीत. पूर्ण झालेला रुमाल भिजवून, पाटावर मापात टाचण्या लावून वाळवला नसेल तर कडा लाटांसारख्या उठतात. करवंटीच्या कामाला जून नारळ घ्या, कोवळी करवंटी वाळताना तडकते. बाहेरून ८०, १२०, २४०, ४०० अशा क्रमाने पॉलिश पेपर फिरवा. एखादी पायरी गाळली तर आधीचे ओरखडे तेल लावल्यावर ठळक दिसतात. शेवटी खोबरेल तेलाचा हलका हात पुरे. जाड वार्निशाखाली करवंटीच्या रेषाच दिसत नाहीत. आतल्या बाजूला खोबऱ्याचा अंशही राहू देऊ नका, दमट हवेत बुरशी तिथूनच सुरू होते.

मे महिन्यातल्या फळांच्या प्रदर्शनाला आंबा नेणाऱ्यांनी देठ बोटभर ठेवून काढावा आणि घरी आणून देठ छाटल्यावर उलटा धरून चीक गळू द्यावा. मानकुराद जातीच्या आंब्याच्या सालीवर चीक ओघळला की काळी रेघ राहतेच. कोकमाच्या सोलांवर मिठाचे पांढरे कण दिसले तर ती पुन्हा रसात बुडवून वाळवा.

प्रदर्शन संपल्यावर बाटली परत आणाल तेव्हा ती लगेच कपाटात ठेवू नका. परीक्षकांचे चमचे तिच्यात गेलेले असतात. फोडी पुन्हा तेलाखाली जातील एवढं तापवून गार केलेलं तेल ओता, बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि आधी तीच संपवा.