अमळनेरच्या आप्पांचा ‘घट्ट’ पाय

अमळनेरकडचे कापूस लावणारे एक आप्पा पेरणीच्या तोंडावर पाय दाखवायला आले. मधुमेहामुळे गुडघ्याखाली पाय काढलेला, जयपूर फूट बसवून वर्षही झालं नव्हतं. तक्रार एकच: “भाऊ, पाय घट्ट व्हयी गया.” घरच्यांनी स्टंपवर, म्हणजे उरलेल्या पायावर, चढवायच्या मोज्यांतला आधी एक कमी केला, मग दुसरा. तरी टोचतंच, म्हणून सॉकेटच्या, म्हणजे स्टंप ज्यात बसतो त्या खोबणीच्या, तळाशी गादीतला स्पंज कोंबला. घामाने भिजून त्याचा दगड झाला होता.

पाय उतरवला. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेवर लाल वळ, स्टंपच्या टोकाला जांभळट डाग. कातडी फुटायच्या बेतात. मधुमेहात जाणीव कमी झालेली असते, त्यामुळे टोकाचा डाग त्यांना ठाऊकच नव्हता. असे डाग घरी आरशात रोज पाहावे लागतात.

सॉकेट घट्ट असलं तर स्टंप वरच अडकतो आणि वाटीखाली, नडगीच्या उंचवट्यावर दुखतं. इथे उलटं होतं, सॉकेट सैल झालं होतं. सूज उतरते, स्नायू बारीक होतात, पहिल्या वर्षात स्टंप आटतो. मग तो आत घसरतो, वाटी कडेवर घासते, टोक तळाला टेकतं. मोजा काढला की आणखी खाली जातो.

स्पंज काढून हरभऱ्याएवढी प्लॅस्टिसिनची (खेळण्यातल्या मऊ मातीची) गोळी प्लॅस्टिकच्या तुकड्यात गुंडाळून तळाशी ठेवली. आप्पांना दांड्या धरून क्षणभर उभं केलं. गोळीची पार चकती झाली. मागून कमरेच्या हाडांवर हात ठेवले तर जयपूर फूटची बाजू सेंटिमीटरभर खाली. तीन प्लायचा (प्लाय म्हणजे मोज्याच्या जाडीचं माप) मोजा चढवला, गोळी थोडी चेपली. आणखी एक चढवल्यावर गोल राहिली, कंबरही सरळ झाली. वळावर फोमचा तुकडा चिकटवा, असं बरेच जण सुचवतात. तिथे जाडी वाढली की दाबही वाढतो.

डाग फिका होईपर्यंत पाय घालायचा नाही, कुबड्या घ्यायच्या, असं सांगितलं. पेरणीचं नाव काढताच आप्पा गप्प झाले. मोज्यांचा हिशेब काकूंनी घेतला: दिवसभरात स्टंप आणखी आटतो, म्हणून पाय पुन्हा सुरू झाल्यावर सैल वाटला तर दुपारी एक मोजा वाढवायचा. मोजे दहा प्लायच्या वर जायला लागले की मात्र नवीन माप घेऊन सॉकेटच बदलायचं.