स्त्रीमंडळाचं संमेलन आणि साक्षीचा तास

जालन्यात ऊन चटके द्यायला लागायच्या आत, फेब्रुवारीतच, आमच्या चर्चच्या स्त्रीमंडळाचं वार्षिक संमेलन उरकावं लागतं. प्रारंभीची प्रार्थना, शास्त्रपाठ, पाहुण्यांना शाल, अहवाल, हिशेबाला मंजुरी. अहवाल मीच वाचते, त्यामुळे तो कोणी ऐकत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. पाहुणे बहुधा रेव्हरंड नारायण शेषाद्रींपासून सुरुवात करतात. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण तरुण पुढे जालन्याला आला आणि त्यानं शहराजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. कोणाची आजी, कोणाची पणजी त्या बेथेलची, म्हणून माना डोलतात. पण निम्म्या जणींचं लक्ष घड्याळाकडे असतं, कारण त्यानंतर साक्षीचा तास, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते बायकांनी उभं राहून सांगायचं.

ही पद्धत आमच्या एका जुन्या पाळकबाईंनी पाडली. साक्षी पूर्वीही व्हायच्या, पण सगळ्यांची वाक्यं तीच ती. ‘प्रभूनं मला संकटातून सोडवलं’, आमेन, आणि खाली बसायचं. पाळकबाई म्हणाल्या, “यंदा आम्हाला सांगू नका. तुम्ही तरुण होतात ना, तिला सांगा.” बोलणारी साठीपुढची हवी आणि तिनं तेव्हाचा फोटो आणायचा, एवढे दोनच नियम. सुरुवातीला हसू झालं. पहिलीच बाई बोलायला उभी राहिली आणि मांडवात चहाचे कप वाजायचे थांबले.

छापील भाषण आणणाऱ्या दरवर्षी एकदोघी निघतातच. ‘विश्वास ठेव, सर्व काही मंगल होईल’ असा त्यांचा सूर. मला ते ऐकवत नाही. त्या वयात प्रत्येकीला हे कोणी ना कोणी सांगितलेलंच असतं.

माझ्या मनात रुतून बसल्या त्या एक निवृत्त सिस्टर. लग्नातला फोटो त्यांनी फाडून टाकला होता, म्हणून नर्सिंगचं सर्टिफिकेट आणलं. कोपऱ्यात चिकटवलेला फोटो, त्यावर अर्ध्या गालावरून गेलेला जांभळा शिक्का, गंजलेली टाचणी. कागद चष्म्याजवळ धरून त्या त्या मुलीशीच बोलायला लागल्या. “पोरी, नवऱ्याची दारू सुटावी म्हणून उपास करायलीस. ती सुटायची नाही. तो पिऊनच जाईल. पौलानं अंगातला काटा काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं, काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’, एवढंच उत्तर मिळालं. पौलाला तीनदा मागून कळलं, मला सव्वीस वर्षं लागली. रडत प्रार्थना करतीस ते कर, पण पगार स्वतःच्या खात्यात ठेव. मार खाऊन देवळात येशील तेव्हा पदर पुढं ओढू नको. मंडळातल्या बाया बघतील तर बघू दे. देवानं त्यांनाच धाडलंय तुझ्याकडं.” एवढं बोलून त्यांनी कागद घडी न करता पिशवीत सरकवला.

एकदा लातूरकडून जालन्यात सून होऊन आलेल्या बाई बोलल्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्यांचं घर गेलं. जेमतेम दोन मिनिटं बोलल्या असतील. “देवानं मलाच का वाचवलं हे विचारत बसू नको. आधी जेव. लोक भाकरी घेऊन आलेत, त्यांना परत पाठवू नको.”

माझी पाळी अजून आलेली नाही. साठी उलटली, पण यादी माझ्याच हातात असते. काय बोलायचं ते मात्र ठरलंय. पहिलं बाळ गेल्यावर मी देवळात जाणं सोडलं होतं, बायबल ट्रंकेत घातलं होतं. मंडळातल्या दोन म्हाताऱ्या दुपारी घरी यायच्या, वचन नाही की उपदेश नाही. सूप मागून घ्यायच्या आणि तांदूळ निवडत बसायच्या. एकदा मी आतून कडी लावली, तर ओट्यावर बसून राहिल्या. त्या पोरीला म्हणेन, बाई गं, प्रार्थना होत नसेल तर राहू दे, कडी तेवढी काढ.

आता हजेरीचं. 2013 च्या दुष्काळात जालन्यात पाण्याची बोंब होती, संमेलन रद्द करा म्हणत होते. बायका घरून पाण्याचे कॅन घेऊन आल्या आणि पत्रावळी कमी पडल्या. हल्ली परतूर-अंबडच्या बाया पहाटेच्या एसटीनं वेळेवर येतात, आणि स्वतःच्या गाडीनं येणाऱ्या मोठ्या शहरातल्या भगिनी बाराला उगवतात, साक्षी संपल्यावर. जेवणाला मात्र वेळेवर असतात. आमच्या तरुण मुलींचंही तेच. फाटकाशी मोबाईल घेऊन उभ्या. हा तास खरं तर त्यांच्यासाठीच आहे.

मदतीला आलेल्यांची नावं छापली की एखादं राहतं आणि मग वर्षभर ऐकावं लागतं, म्हणून कामावरून सांगते. मोंढ्यातून निम्म्या भावात वांगी देणारे काका. मांडववाले भाऊ आणि त्यांचा पोरगा, तो खांबावर चढला तेव्हा माझा जीव खालीवर झाला. पेटी वाजवणारे गुरुजी, ढोलकीवाला, टाळ धरणाऱ्या तिघी. शेजारच्या गल्लीतल्या मुसलमान भाभी, त्यांनी दोन मोठी पातेली दिली आणि घासूनही घेतली. भाकऱ्या थापणाऱ्या सगळ्या जणी. ठेचा कुटणाऱ्या मावशी. माईक नीट करणारा कोषाध्यक्षांचा जावई. चपला सांभाळणारी रविवार शाळेची मुलं. संध्याकाळी पटांगण झाडणारे देवळाचे रखवालदार मामा, आणि त्यांना चहा नेऊन देणारी त्यांची नात. कोणी राहिलं असेल तर रविवारी उपासनेनंतर मला तोंडावर सांगावं, ग्रुपवर लिहू नये.