मनोरीहून मिशिगन

डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी मार्वेच्या धक्क्यावरून मनोरीची फेरीबोट पकडली, तेव्हा आम्हा दोघा हॅम (हौशी रेडिओ चालवणाऱ्या) मित्रांच्या सामानात १०० वॅटचा ट्रान्सीव्हर (संदेश पाठवणारे आणि घेणारे यंत्र), बॅटरी, मोर्स की (टिंब-रेषांचे संकेत पाठवायची कळ), १२ मीटरचा फायबरचा खांब आणि तांब्याच्या तारेची वेटोळी होती. ८० मीटर बँडवर, म्हणजे सुमारे ८० मीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यात, दूरचे देश ऐकायचे तर मुंबईत हाच मार्ग मला योग्य वाटतो, कारण मालाडच्या इमारतीत चार्जर, एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर यांच्या गोंगाटाखाली क्षीण सिग्नल पुरता गाडला जातो.

या बँडवर पाव तरंगलांबी सुमारे २० मीटर भरते. म्हणून अँटेनाची तार खांबावर उभी चढवून उरलेला भाग शेजारच्या माडाकडे आडवा ताणला आणि रेडियल्स (अँटेनाच्या पायाशी जमिनीवर पसरायच्या तारा) भरतीरेषेजवळच्या ओल्या वाळूवर पसरले. खाऱ्या पाण्याची वाहकता जास्त असल्यामुळे उभ्या तारेतून निघालेल्या लहरी क्षितिजालगतच्या कोनातही फारशा क्षीण होत नाहीत, आणि लांबच्या संपर्काला नेमका तोच कोन लागतो.

दिवसा ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा, वातावरणातला डी नावाचा विद्युतभारित थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो झपाट्याने विरतो आणि वरचा एफ थर त्यांना परत जमिनीकडे वळवतो. आमच्याकडे सहानंतर सूर्यास्त होतो, त्या सुमारास अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये सूर्य उगवायचा असतो. मधली वाट मध्य आशिया आणि उत्तर ध्रुवाजवळून जाते, आणि डिसेंबरात तो सारा पट्टा काळोखात असतो. दोन्ही टोकांना संधिप्रकाश असलेली ही मोजकी मिनिटे साधण्यासाठीच हा सारा खटाटोप होता.

साडेसहाच्या आत एक बारीक, किंचित थरथरता मोर्स स्वर वर आला. मी कॉलसाइन (माझ्या स्टेशनचे ओळखचिन्ह) पाठवले, पलीकडून ते अर्धेच परत आले, पुन्हा पाठवले, आणि मग स्वच्छ ५५९ मिळाले, म्हणजे सिग्नल पूर्ण वाचता येतो, मध्यम जोराचा आहे आणि स्वर शुद्ध आहे. साडेबारा हजार किलोमीटरहून अधिक अंतर! एफटी८ या संगणकावर चालणाऱ्या डिजिटल पद्धतीने याहून क्षीण सिग्नल वाचता येतात हे मान्य, तरी असा स्वर कानांनी उकलण्यातला आनंद मला अधिक मोलाचा वाटतो. तिकडे ऊन चढले तसा तो स्वर बुडाला. नंतर जपान आणि पहाटे युरोप भरभरून आले.

१६० मीटरसाठी मात्र हा खांब पुरणार नाही, कारण तेथे पाव तरंगलांबीच ४० मीटर होते. म्हणून वाडीतल्या दोन उंच माडांवर तार ताणण्याची परवानगी मालकीणबाईंकडून निघतानाच मागून घेतली.