एक्स्टेन्शन ट्यूब घेण्याआधी

एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे किडे वगैरे अगदी जवळून टिपण्यासाठीची पोकळ नळी. ट्यूबमध्ये काच नसते. ती लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसते आणि लेन्सला सेन्सरपासून लांब नेते, म्हणून जवळचं फोकस होतं. दूरचं मात्र होत नाही.

वाढीव मॅग्निफिकेशन (सेन्सरवरची प्रतिमा मूळ वस्तूच्या किती पट, त्यातली वाढ) म्हणजे ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सवर लिहिलेला एमएमचा आकडा. ५० एमएमवर २५ एमएमची ट्यूब ०.५ देते, तीच २०० एमएमवर जेमतेम ०.१२५. २४ एमएमवर लावाल तर किडा जवळजवळ लेन्सच्या काचेला टेकेल, तेव्हाच फोकस होईल. माझ्या मते ५० ते १०० एमएम हाच खरा उपयोगाचा टप्पा.

स्वस्त ट्यूबमध्ये लेन्स आणि बॉडी जोडणारे विजेचे संपर्कबिंदू (पिना) किंवा अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र, हलवणारी लिव्हर नसते, आणि खरी अडचण तिथेच आहे. कॅननच्या ईएफ लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं राहतं, तर निकॉनच्या जी लेन्सचं (यांना अ‍ॅपर्चर रिंग नसते) अगदी बारीक होतं आणि व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो. जुनी, अ‍ॅपर्चर रिंग असलेली मॅन्युअल लेन्स असेल तर स्वस्त ट्यूब खुशाल घ्या. नाहीतर आपल्या लेन्सला लागणाऱ्या पिना किंवा लिव्हर असलेलीच घ्या.

१:१ ला, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा वस्तूएवढीच असताना, सुमारे २ स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). उजेडाच्या हिशेबात एफ/८ हे अ‍ॅपर्चर एफ/१६ सारखं वागतं. म्हणून फ्लॅश हवाच, तोही डिफ्यूझर (उजेड मऊ करणारा पडदा) लावून. ऑटोफोकस बंद करा, फोकस रिंग एका जागी ठेवा आणि कॅमेराच मिलिमीटरभर मागेपुढे न्या. किड्याच्या डोळ्यावर फोकस आला की क्लिक.

प्लॅस्टिक माउंटच्या (जोडणीची कडी प्लॅस्टिकची असलेल्या) ट्यूबवर जड लेन्स लोंबकळू देऊ नका. डावा हात लेन्सखालीच हवा.