बोर्ड विकायला नाही म्हणणारा दुकानदार

नेदरलँड्समध्ये डेन हागला (म्हणजे द हेगला) राहायला आल्यापासून इथल्या दुकानदारांबद्दल माझं एक मत पक्कं होत चाललंय. यांना माल विकायचाच नसतो. गिऱ्हाईक कार्ड हातात घेऊन उभं आहे, काइटसर्फिंगचा बोर्ड त्याने स्वतः पसंत केलाय, घासाघीससुद्धा करत नाहीये, आणि समोरचा म्हणतो, "हा तुझ्यासाठी नाही."

अगदी एवढंच. पुढे-मागे काही मऊ लावलेलं नाही. क्षणभर वाटलं, माझं वय बघून बोलला की रंग बघून? डच माणसं सगळ्यांशीच अशी बोलतात हे मला चांगलं ठाऊक आहे, तरी वाटलं. अजून पुरतं पचलेलं नाही, म्हणून लिहायला बसलेय.

मी काइटसर्फिंग करते हे तुम्हाला फोटोंमुळे माहीत आहे, आणि "बाराही महिने उत्तरायण!" हे त्याखाली लिहूनही झालंय. ठीक आहे. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, बडोद्यात गेंडीगेटच्या पतंगबाजारातून फिरक्या घेऊन वाढलेल्या माणसांनी हा विनोद करायचाच. इथे मांजा नसतो, एवढं सांगते. वीस-बावीस मीटर लांबीच्या चार-पाच दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या आणि वर नऊ-दहा चौरस मीटरचं, कडेला हवा भरून फुगवलेलं कापड. ते आपल्याला ओढतं आणि आपण पायाखालच्या बोर्डावर उभं राहून पाणी कापत जातो. पतंगाने ओढून घेत पाण्यावरून जायच्या या कल्पनेचं पेटंट १९७७ साली एका डच माणसानेच घेतलं होतं, हे इथले लोक संधी मिळाली की सांगतात. पतंग कुणाचे, ते मग मी सांगते.

तर बोर्ड. इतकी वर्षं माझ्याकडे ट्विनटिप होता, १३४ बाय ४० सेंटीमीटरचा. दोन्ही टोकं सारखी, पायांना पट्टे. डावीकडे गेलात, परत यायचंय, तर वळायचं नाही; नुसतं उलट्या दिशेने निघायचं. शिकायला, उड्या मारायला, सपाट पाण्यावर हुंदडायला यासारखं दुसरं काही नाही. पण उत्तर समुद्रात सपाट पाणी क्वचित. लाट मागून येते, उचलते, तिच्या अंगावरून खाली घसरत यावंसं वाटतं, आणि ट्विनटिप तिथे नुसता पाणी खरवडत राहतो. म्हणून मला पुढे नाक आणि मागे शेपूट असलेला, सर्फबोर्डासारखा डायरेक्शनल हवा होता. एकच, पण दोन्ही करणारा: वारा असेल तेव्हा लांब फेऱ्या मारता याव्यात आणि लाट आली तर लाटही घेता यावी.

दुकानात भिंतीला टेकवून ठेवलेला एक बोर्ड मला आवडला. निमुळता, शेपटीकडे जवळजवळ टोक काढलेला, समुद्री हिरवा. किंमत ७०० युरोंच्या पुढे. तो मी काढून काउंटरवर आणला आणि मग ते वरचं वाक्य आलं.

त्यानंतर चौकशी सुरू झाली. वजन किती? अठ्ठावन्न किलो. कुठे जातेस? बहुतेक वेळा झांडमोटरला. (हा आकड्यासारखा वाकलेला वाळूचा मोठा पट्टा डच लोकांनी २०११ साली किनाऱ्यालगत मुद्दाम टाकला, २१५ लाख घनमीटर वाळू, की पुढे वारा आणि प्रवाह ती आपोआप किनाऱ्यावर पसरवतील. समुद्राशी ही मंडळी असं वागतात.) कधी जातेस? शनिवार-रविवार, नोकरी आहे बाबा. आणि मग, कुठला पाय पुढे?

डावा, म्हटलं.

त्याने काउंटरवरच्या बिलाच्या मागे एक तिरपी रेघ ओढली. हा आपला किनारा, तोंड वायव्येला. चांगला वारा येतो तो नैऋत्येचा, म्हणजे समुद्राकडे तोंड करून उभी राहिलीस तर तुझ्या डाव्या हाताकडून. पतंग उजवीकडे, पाठ वाऱ्याला. आत जाताना डावा पाय पुढे, तुझ्या सवयीचा. पण लाटेवर यायचं ते किनाऱ्याकडे येताना, आणि तेव्हा उजवा पाय पुढे हवा. म्हणजे प्रत्येक फेरीला आत गेल्यावर वळायचं, चालत्या बोर्डावर पाय बदलायचे, नाहीतर लाटेकडे उलटं, पंजांवर भार देऊन यायचं. हे तुला आज येतं का? बोर्ड अरुंद आणि डुगडुगता असेल तर पाय बदलतानाच पडशील, आणि दोन तासांतला दीड तास बोर्डामागे पोहण्यात जाईल.

मी काही बोलले नाही. इतक्या वर्षांत हा हिशोब मला कुणी मांडून दाखवला नव्हता, आणि इथे दुकानातल्या पोराने बिलाच्या पाठीमागे तो मांडला.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडला. त्याने तो हिरवा आणि दुसरा एक, दिसायला अगदी बेताचा बोर्ड फरशीवर शेजारी शेजारी ठेवले आणि मला ओणवं होऊन खालून बघायला लावलं. हिरव्याच्या नाकाखालून माझी मूठ आरामात गेली, शेपटीखालूनही उजेड दिसत होता. दुसऱ्याचं नाक उचललेलं होतं, पण मधला मोठा भाग फरशीला जवळजवळ चिकटलेला. या बाकाला रॉकर म्हणतात. बाक जास्त असेल तर उभ्या, पोकळ लाटेवर नाक बुडत नाही आणि बोर्ड झटकन वळतो; पण सपाटीवर तो पाणी ढकलत चालतो, वेग धरायला वारा जास्त लागतो आणि वाऱ्याविरुद्ध वर चढत नाही. वर चढता आलं नाही की जिथून निघालो तिथे परतता येत नाही, मग बोर्ड काखेत आणि वाळूतून पायपीट. बाक कमी असेल तर कमी वाऱ्यातही बोर्ड सुटतो, वर चढतो, फक्त फार उभ्या लाटेला घाबरतो. आणि आमच्याकडच्या लाटा उभ्या नसतातच. वाऱ्याने उठवलेल्या, जवळजवळ येणाऱ्या, विस्कटलेल्या, कमरेएवढ्या. त्यांच्यासाठी हिरवा बोर्ड घेणं म्हणजे बडोद्याच्या मांडवीच्या गर्दीत फिरायला रेसची सायकल घेणं.

मग शेपूट. रुंद, चौकोनी कापलेली असेल तर मागच्या पायाखाली आधार राहतो, पाय बदलताना बोर्ड बुडत नाही. निमुळती असेल तर मोठ्या वेगात पकड घट्ट. मग फिन, खालचे तीन पंख. ते बदलता येतात, मोठे लावले की पकड, लहान लावले की शेपूट मोकळी. लिटरांवर, म्हणजे बोर्डाच्या आकारमानावर, मी उगाच अडून बसले होते. वल्हवून लाट पकडणाऱ्या सर्फरला बोर्डाने तरंगवावं लागतं, आपल्याला पतंग उचलून धरतो, त्यामुळे माझ्या वजनाला बावीस-चोवीस लिटर पुरे. जास्तीचं तरंगणं उपयोगी पडतं ते वारा मध्येच पडला तर. शेवटी त्याने दोन्ही बोर्डांवर टाच ठेवतात त्या जागी अंगठा दाबला. हिरवा हलका होता, पण पातळ काचतंतूचा. अशा बोर्डांना महिन्याभरात टाचांचे खळगे पडतात. दुसऱ्याला वरून लाकडाचा पापुद्रा, थोडा जड, पण दाबल्यावर हलला नाही.

दुसरा बोर्ड जुना होता. गेल्या मोसमात लोकांना वापरून बघायला दिलेला, ५ फूट २ इंच, २३ लिटर, ३५० युरो.

हे सगळं मी रविवारी बडोद्याला फोनवर सांगितलं. दांडिया बाजारच्या घरी काका आले होते. काकांचं रावपुऱ्यात स्टेशनरीचं दुकान होतं, आयुष्य गल्ल्यावर गेलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे सातशेचं गिऱ्हाईक त्याने साडेतीनशेवर आणलं. मालकाला माहीत आहे का हे?"

मी म्हटलं, काका, मी आता वेटसूट, फिन, दोऱ्या, सगळं त्याच्याकडूनच घेणार ना.

"ते तू घेणार. अशा दहांमधले नऊ घेत नाहीत."

आई मागून म्हणाली, "आणि साडेतीनशे म्हणजे आपले किती?" मी विषय बदलला.

नंतर मात्र मला काकांचंच दुकान आठवत राहिलं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी कुणी मुलगा नवं फाउंटन पेन घ्यायला आला की काका देत नसत. "नवं निब उद्या तुझ्या हाताला लागणार नाही, जुनंच घेऊन जा, परीक्षा झाली की ये." हे मी डोळ्यांनी पाहिलंय, काउंटरच्या आत बसून. तेव्हा "हा तुझ्यासाठी नाही" हे डच लोकांनी शोधलंय असं काही नाही. काकांनी ते तोंडावर फेकलं नाही, एवढाच फरक. आणि मुलाला खडीसाखर दिली. इथल्या पोराने मला कॉफीसुद्धा विचारली नाही. रॉकर समजावला छान, पण पाऊण तास मी फरशीवर गुडघे टेकून होते, साधं पाणी विचारशील की नाही?

पैसे दिल्यावर मात्र त्याने एक मार्कर काढला आणि बोर्डाच्या खालच्या बाजूला माझं नाव आणि फोन नंबर लिहायला लावला. नव्या (म्हणजे जुन्या) बोर्डावर गिचमिड कशाला, असं माझ्या चेहऱ्यावर आलं असावं. कारण त्याने मग जरा दमात घेऊनच सांगितलं. पाण्यात रिकामा बोर्ड तरंगताना कुणी पाहिला की बचाव पथकाला फोन जातो. त्यांची बोट निघते. नंबर असला तर ते आधी फोन करतात. तू घरी चहा पीत असलीस तर बोट परत फिरते.

ती बोट के.एन.आर.एम.ची, म्हणजे इथल्या सागरी बचाव संस्थेची. १८२४ पासून चालू आहे हे काम, आणि बोटीवरचे बहुतेक जण स्वयंसेवक. कुणी सुतार, कुणी शिक्षक. फोन वाजला की हातातलं काम टाकून बंदराकडे पळतात. वाचवल्याचे पैसे घेत नाहीत, खर्च देणग्यांवर चालतो. माझ्या आळसामुळे असा एखादा शिक्षक वर्ग सोडून रिकाम्या बोर्डामागे समुद्रात जाणार, ही कल्पना मला अजिबात सहन झाली नाही. नंबर मी दोन ठिकाणी लिहिला, पतंगावर वेगळा.

हे वाचून "आपल्याकडे असं कुठे!" लिहायला निघाला असाल तर थांबा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी बडोद्यात घुसली तेव्हा लोकांच्या अंगणातून मगरी उचलून नेणारे कोण होते? वनखात्याबरोबर आपले स्वयंसेवकच. गुडघाभर पाण्यात, दोरी आणि पोतं घेऊन. इथल्या पोरांना मी तो व्हिडिओ दाखवते आणि म्हणते, आमच्या गावच्या नदीत आम्ही बोर्ड घालत नाही, त्याचं कारण हे. एकाने विचारलं, मग समुद्र? मी सांगितलं, आमचा सगळ्यात जवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात. चिखल आणि अशी भरती की ओहोटीला पाणी शोधत जावं लागतं. काइटसाठी आमची माणसं रामेश्वरमला जातात. ते बडोद्याहून किती लांब, हे त्याला नकाशात दाखवल्यावर तो गप्प झाला. त्यांचा अख्खा देश त्या अंतरात बऱ्याच वेळा मावतो.

बोर्ड कसा आहे, ते आता थोडक्यात. पहिल्या दिवशी पाय बदलताना भरपूर पडले, पण रुंद शेपटीमुळे बोर्ड माझी वाट बघत थांबतो. पट्टे लावलेले नाहीत. लाटेवर पाय सरकवता यायला हवेत. बोर्डाला पायाशी बांधणारी दोरीही नाही, कारण पतंग ओढत असताना ती ताणली गेली की बोर्ड सुटून थेट डोक्यावर येतो. बोर्ड निसटला तर एक हात पाण्यात सुकाणूसारखा धरून पतंगाच्या ओढीने आडवं आडवं सरकत त्याच्यापर्यंत जायचं. वाऱ्याविरुद्ध ट्विनटिपपेक्षा किंचित सोपाच चढतो. आणि दुसऱ्या वाळूच्या पट्ट्यावर लाट फुटते तिथे, उजवा पाय पुढे घेऊन, पतंग डोक्यावर जवळजवळ थांबवून, ओढ संपली आणि नुसती लाटच नेत राहिली असं एकदा झालं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. उड्यांच्या नादाला या बोर्डावर लागू नये, एवढं खरं. उतरताना नाकावर आदळला तर लाकडाचा पापुद्राही काही करू शकणार नाही.

म्हणून ट्विनटिप विकलेला नाही. नवऱ्याचं म्हणणं, "दोन्ही करणारा एकच" आणायला गेली होतीस ना, मग जिन्यात दोन का? डच जिने कसे असतात, इथे येऊन गेलेल्यांना सांगायला नको. शिडीला पायऱ्या मारल्यासारखे, आणि त्याच्या बाजूला आता दोन बोर्ड उभे. पण ब्राउवर्सडाम या समुद्री बांधाच्या आतल्या बाजूला पाणी सपाट असतं, तिथे ट्विनटिपच हवा. शिवाय सातशेचे साडेतीनशे वाचले आहेत, तेव्हा जागेचा हिशोब त्यात धरायला हरकत नाही.

भाचा सप्टेंबरात डेल्फ्टला येतोय आणि त्याला आल्या आल्या शिकायचंय. तर बाळा, तू ऐंशी किलोचा, माझा १३४ तुला चालणार नाही. शिकताना १४५ च्या आसपासचा, रुंद, कमी बाकाचा लागेल, तो शिकवणारे देतात. वेटसूटही भाड्याने मिळतो. विकत काहीही आणू नकोस. तोवर रोज लालबागच्या तरणतलावावर जा, आणि तोंड पाण्यात घालून पोहायला शीक, मान वर काढून नाही. बॅगेत जागा उरली तर लीलो चेवडो, दोन पाकिटं.